यादीबाहेरची बाई

माणूस काय निवडतो यावरून तो कोण आहे हे कळतं. हे वाक्य मी आजवर तीन व्यासपीठांवरून म्हटलं आहे. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या, आणि तिन्ही वेळा माझ्या हातातल्या पाकिटातलं नाव आयोजकांनी परीक्षकांच्या बैठकीआधीच ठरवलेलं होतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस सिनेमावर थोडंफार लिहीत असला की त्याला असल्या समारंभांना परीक्षक म्हणून बोलावतात. शाल देतात, नारळ देतात, आणि अलीकडे एक रोपटंही देतात. ती रोपटी आमच्या गॅलरीत आहेत. त्यांतली दोन प्लॅस्टिकची निघाली, म्हणून टिकली आहेत. तरीही निवडीबद्दल मला जे काही खरोखर कळलं ते खडकीच्या क्वार्टर्समध्ये, एका उन्हाळ्यात कळलं. त्याबद्दल मी व्यासपीठावरून कधी बोललो नाही.

आमचं क्वार्टर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे तारेचं कुंपण आणि त्यावर वाळत घातलेले खाकी कपडे. घड्याळ होतं, पण दिवस भोंग्यावर चालायचा. लांबून फायरिंग रेंजचे बार ऐकू यायचे. पाहुणे दचकायचे, आम्ही मीठ सरकवा म्हणायचो. सकाळी पलटणीचा बँड सराव करायचा, एकच धून आणि रोज एकाच जागी चूक. बाबा तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या अग्निशमन दलात होते. आग लागली नाही म्हणजे त्यांचं काम चांगलं झालं असं धरत, आणि त्यांचं काम तीस वर्षं फारच चांगलं झालं. त्यामुळे कारखान्याच्या वाचनालयातली मराठी पुस्तकं त्यांनी दोनदा आणि इंग्रजी एकदा वाचून काढली होती. बोलायचे मात्र कमी. आई त्याच कारखान्याच्या पॅकिंग खात्यात होती. तिथे आत जाताना अंगावर धातूचा तुकडा चालत नसे, म्हणून बायका गेटवर केसांतल्या पिनासुद्धा काढून डबीत ठेवत. घरी येईपर्यंत आईचे केस सुटलेले असायचे. लहानपणी मला आणि धाकट्या सुजाताला वाटायचं की आई रोज कुणाशी तरी भांडून येते. ती आली की चहा, चहाबरोबर खडकी बाजारातल्या बेकरीचे टोस्ट, आणि टोस्ट बुडवता बुडवता दिवसभराच्या बातम्या. रविवारी सकाळी बुद्धवंदना आणि दुपारी सुकटीची चटणी, भाकरी, कांदा. या क्रमात माझ्या आठवणीत कधी बदल झाला नाही. बदल झाला तो टीव्हीत. दोन चॅनलांची वीस झाली, आणि मुंबईच्या सिनेमावाल्यांचे पुरस्कार घरबसल्या दिसायला लागले.

त्याआधीही आमच्याकडे पुरस्कारांचा खेळ होता. तो बाबांनी सुरू केला होता. गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान उलटं करायचं, त्यावर पट्टीने दोन रकाने आखायचे. एकाच्या डोक्यावर 'अंदाज', दुसऱ्याच्या डोक्यावर 'आवड'. पहिल्यात पुरस्कार कुणाला मिळेल ते लिहायचं, दुसऱ्यात कुणाला मिळायला हवा ते. चौघांची चार पानं. निकाल पेपरात आला की बाबा लाल पेन्सिलीने अंदाजाचा रकाना तपासत. आवडीचा रकाना तपासत नसत. तो फक्त मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येकाने आपल्या आवडीचं कारण सांगायचं. बाबांचं म्हणणं असं की हे दोन रकाने वेगळे ठेवता आले की माणसाला जगात फारसा त्रास होत नाही. ते स्वतः काटेकोर होते. त्यांचा अंदाज बहुतेक बरोबर यायचा आणि आवड मात्र दरवर्षी कॅमेरामनची असायची, कारण तो पडद्यावर दिसत नाही.

आईची अडचण अशी होती की ती दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहायची. दरवर्षी. बाबांनी समजावलं, सुजाताने समजावलं, मी तर आकृती काढून समजावलं. ती म्हणायची, जे मला पटलं नाही ते होईल असं माझ्या अक्षरात मी कशाला लिहू? त्यामुळे तिचा अंदाज दरवर्षी साफ चुकायचा. सुजाताने एकदा तिला सांगितलं की नाणं उडवून लिहिलंस तरी याहून जास्त बरोबर येतील. आई म्हणाली, मग नाण्यालाच बसव माझ्या जागी.

मी या बाबतीत घरातला शास्त्रज्ञ होतो. माझे नियम होते आणि ते मी एका वहीत लिहून ठेवत असे. जो नट समारंभात नाचायला तयार झाला आहे त्याला काहीतरी मिळतंच. नटीने सबंध सिनेमात पावडर लावली नसेल तर तिला मिळतं, पण नटाने दाढी केली नसेल तर ते पुरेसं नाही, त्याला शेवटी मरावं लागतं. जीवनगौरव त्याला, ज्याच्याकडे पाहून पुढच्या वर्षाची खात्री वाटत नाही. सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार जी सगळ्यात मोठ्याने रडते तिला. संगीताचा पुरस्कार रिक्षावाल्यांना विचारून ठरवायचा. हे नियम मी वयाच्या विशीत शोधले आणि आजही त्यांत दुरुस्ती करावी लागलेली नाही. परीक्षक म्हणून बैठकीला गेलो की माझं काम सोपं होतं. चर्चा कुठे जाऊन थांबणार हे मला चहा यायच्या आत ठाऊक असतं.

त्या उन्हाळ्यात मी बीएस्सी होऊन घरी बसलेला होतो. बसलेला म्हणणं चूक आहे, कारण मला बसवत नव्हतं. सायकल काढायची, स्टेशनपर्यंत जायचं, परत यायचं, पाणी प्यायचं, पुन्हा जायचं. पुस्तक उघडलं की पाचव्या पानावर उठावंसं वाटे, आणि उठलं की पुस्तकात काय होतं ते बघावंसं वाटे. सगळं पुणं त्या वर्षी कॉम्प्युटर शिकत होतं. मिठाईच्या दुकानाच्या वर कॉम्प्युटर क्लास, गिरणीच्या वर कॉम्प्युटर क्लास. आमच्या बाजारातल्या क्लासचं नाव तर एका अमेरिकन विद्यापीठावरून ठेवलेलं होतं आणि जिन्यात लसणाचा वास यायचा. आत एसी होता म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. म्हणजे आई गेटवर पिना काढायची आणि मी क्लासच्या दारात चपला. घरातली दोन माणसं रोज काहीतरी उतरवून ठेवून आत जात होती. फरक एवढाच की आईचा माल खरोखर उडणारा होता.

माझ्या आतेभावाच्या कंपनीत मुलं घ्यायची होती. शिकवून घेणार, नंतर परदेशीसुद्धा पाठवणार, फक्त दोन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून द्यायचं. त्याला बाँड म्हणत. आतेभावाने तो छापील कागद घरी आणून दिला, आणि आठवडाभर तो शोकेसमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी उभा करून ठेवलेला होता. मला सिनेमावर लिहायचं होतं. हे घरात मोठ्याने म्हणण्यासारखं वाक्य नव्हतं. आमच्या घराण्यात शाळेचा उंबरठा पहिल्यांदा ओलांडला तो बाबांनी. त्यांच्या मुलाने शिकून थेटरात बसायचं म्हणजे काय, हे मलाच नीट सांगता येत नव्हतं. बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "एक जूनपर्यंत थांबतो. तोवर कुणी तुझं लिखाण छापायला कबूल झालं, तर हा कागद मी परत देईन. नाहीतर सही करायची, आणि मग कुरकुर नको."

मी चार ठिकाणी लेख पाठवले होते. दोन परत आले, एक हरवला आणि एकाचं उत्तर अजून यायचं आहे.

अशात मे महिन्याच्या सुरुवातीला गावातल्या एका छोट्या सायंदैनिकाने स्पर्धा जाहीर केली. पेपर चार पानांचा होता. त्यातली दोन जाहिरातींची, एक भविष्याचं आणि एक उरलेल्या जगाचं. येत्या सिनेमा पुरस्कारांचे अंदाज भरून पाठवा. पेपरातलं कूपन कापून त्यात आठ नावं भरायची, आणि सोबत वेगळ्या कागदावर आपल्या व्यक्तिगत आवडीच्या एका कलावंताबद्दल पन्नास शब्द लिहायचे. ही आवड यादीबाहेरची असली तरी चालेल. विजेत्याला दर शनिवारी सिनेमावर सदर लिहायला मिळेल. मी ती जाहिरात स्टेशनवरच्या स्टॉलपाशी उभा राहून वाचली आणि मला वाटलं की कुणीतरी आमच्या कॅलेंडरच्या पानावरून ती उचलली आहे. बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, खिशातून पैसे काढले आणि म्हणाले, अजून एक अंक आण, तुझी आईसुद्धा भरेल.

कूपन भरायला बसलो तो दिवस रविवारचा होता. कांद्याचा वास, सुजाताचं चॅनल बदलणं, बाहेर कुणाच्या तरी स्कूटरला किका मारणं चाललेलं. माझी आठ नावं दहा मिनिटांत झाली. नियम समोर होते. पन्नास शब्दांनी मात्र जीव काढला. मी एका परदेशी दिग्दर्शकाबद्दल लिहायचं ठरवलं होतं, ज्याचा एकही सिनेमा मी पाहिलेला नव्हता. कॅम्पातल्या एका वाचनालयात त्याच्यावरचं पुस्तक होतं, ते पाहिलं होतं. 'अवकाश' हा शब्द मी पन्नासात तीनदा वापरला. सुजाताने वाचून विचारलं, हा अंतराळवीर आहे का?

आई पोळपाट मांडीवर घेऊन त्यावर लिहीत होती. तिची सातवीपर्यंतची शाळा. अक्षर गोल आणि प्रत्येक शब्दानंतर थांबायची सवय. तिचं कूपन मी डोकावून पाहिलं. सहायक अभिनेत्रीच्या जागी तिने एका अशा बाईचं नाव लिहिलं होतं, जी त्या वर्षीच्या एका मोठ्या सिनेमात फक्त दोन प्रसंगांत होती. नायकाच्या शेजारची विधवा. पोस्टरवर तिचा कोपरसुद्धा नव्हता.

"अगं, ही नामांकनात नाही," मी म्हणालो. "यादीत हिचं नावच नाही."

"मग यादी चुकली असेल त्यांची."

"कूपन बाद होईल तुझं. वाचणारसुद्धा नाहीत."

"वाचतील की. नोकरीच आहे ती त्यांची," आई म्हणाली आणि पोळपाट पुसून परत भाकरीला लागली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाकिटं द्यायला मी सायकलवर निघालो. ऊन असं होतं की डांबर टायरला चिकटत होतं. संगम पुलाच्या पलीकडे एका उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबलो. थांबायचं काही कारण नव्हतं, पण त्या दिवसांत मला सरळ कुठे पोचणं जमत नसे. आईचं पाकीट चिकटवलेलं नव्हतं. तिने पन्नास शब्द लिहिले आहेत की नाहीत हे बघावं, असं मी स्वतःला सांगितलं. कागद उघडला.

तिने लिहिलं होतं: 'ही बाई रडत नाही. दारात तार घेऊन माणूस येतो. ती आधी पदराला हात पुसते, मग तार घेते. वाईट बातमी आहे हे तिला कळलेलं असतं. म्हणून ती हात कोरडे करायला वेळ घेते. आमच्याकडे माझ्या भावाची तार आली तेव्हा माझे हात पिठाचे होते. मीसुद्धा आधी पुसले होते.'

मी ते तीनदा वाचलं. तो सिनेमा मी दोनदा पाहिला होता, वहीत त्यावर चार पानं लिहिली होती, आणि हात पुसलेले मला दिसले नव्हते. मोठा मामा गावी तापाने गेला एवढं मला माहीत होतं. तार आली, आई भाकऱ्या थापत होती, हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. रसवाल्याने ग्लास पुढे केला, मी तो प्यायलो, आणि मला जे वाटलं ते लिहायला आजही बरं वाटत नाही. आईबद्दल मला काही वाटलं नाही. मला वाटलं, हे माझ्याकडे असायला हवं होतं.

पुढचं मी फार पद्धतशीरपणे केलं. कूपन तर तिचं बाद होणारच आहे, हे मी मनाशी पुन्हा एकदा म्हटलं. रसवाल्याकडून पेन मागून घेतलं. माझ्या वहीचं कोरं पान फाडलं आणि सायकलच्या सीटवर ठेवून त्यावर आईची वाक्यं उतरवली. एवढंच बदललं की 'माझ्या भावाची' ऐवजी 'मामाची', 'माझे हात' ऐवजी 'आईचे हात', आणि शेवटी 'तिनेसुद्धा आधी पुसले होते, मला आठवतं.' हे 'मला आठवतं' मी का घातलं ते आता सांगता येत नाही. वाक्याला तिथे वजन हवं होतं, इतकंच. अवकाशाचा कागद मी रसाच्या चिपाडांत टाकला. आईचं पाकीट घडी करून कॉम्प्युटरच्या पुस्तकात ठेवलं. एकच पाकीट घेऊन पुढे गेलो.

सायंदैनिकाची कचेरी नारायण पेठेत एका छापखान्याच्या माडीवर होती. संपादक बेहेरे म्हणून होते. पन्नाशीचे, पांढरा बुशशर्ट, टेबलावर पंख्याने उडू नये म्हणून प्रत्येक कागदावर छपाईच्या अक्षराचा एकेक शिशाचा खिळा ठेवलेला. मी पाकीट पुढे केलं. ते म्हणाले, पेटी जिन्यात आहे. मी म्हणालो, जिन्यातल्या पेटीला तळ नाही. त्यांनी खाली वाकून बघण्याचा विचार केला आणि सोडून दिला. मग कुठून आलात, असं विचारलं. खडकी म्हटल्यावर, खडकीत कुठे? क्वार्टर्समध्ये म्हटल्यावर, आडनाव काय? पुण्यात 'कुठले?' हा प्रश्न भूगोलाचा नसतो हे मला तोवर पाठ झालेलं होतं. मी आडनाव सांगितलं. त्यांनी ते पाकिटावर लिहून घेतलं, चेहरा होता तसाच ठेवला, आणि म्हणाले, "निकाल अंकात येईल. चौकशीला येऊ नका. चौकशीला येणाऱ्यांमुळे अंक उशिरा निघतो."

घरी आईने विचारलं, दिलंस? मी म्हणालो, दिलं. टोस्ट होता ताटलीत, तो खाल्ला.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कसे काढले ते सुजाता अजून नक्कल करून दाखवते. पुरस्कार जाहीर झाले. माझ्या आठांपैकी सहा बरोबर आले. जी सगळ्यात मोठ्याने रडली होती तिलाच मिळाला, आणि ती पुरस्काराची बाहुली घेतानाही रडली, त्यामुळे माझ्या नियमाला पुरवणी पुरावा मिळाला. समारंभ टीव्हीवर दाखवला तेव्हा आई मांडीवर परात घेऊन तांदूळ निवडत होती. तिच्या त्या दोन प्रसंगांतल्या बाईला कॅमेऱ्याने एकदाही दाखवलं नाही. बहुधा तिला बोलावलंच नव्हतं. आई म्हणाली, पेपरवाल्यांनी तरी वाचलं असेल माझं. मी आवाज वाढवला. टीव्हीचा.

तीस मेच्या अंकात निकाल आला. बाबाच अंक घेऊन आले. तिसऱ्या पानावर, भविष्याच्या खाली, जाड चौकट होती. वाचकांच्या उदंड प्रतिसादाबद्दल आभार, परीक्षकांची कसोटी लागली वगैरे. खाली माझं नाव, पत्ता खडकी, आणि त्याखाली, मला कल्पनाही नव्हती, ते पन्नास शब्द जसेच्या तसे छापलेले. ते छापतील असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लेखक व्हायला निघालेल्या माणसाने केलेली ही चूक होती: लिहिलेलं कुणी वाचेल हे मी धरलंच नव्हतं.

बाबांनी चौकट उभ्याने वाचली. मग खुर्चीत बसून वाचली. अंकाची घडी केली आणि आईला दिली. ती नुकतीच कामावरून आलेली, केस सुटलेले, हातात पिनांची डबी. सुजाता माझ्या पाठीवर थापा मारत होती. मी तिला थांब म्हणत होतो. आई प्रत्येक शब्दानंतर थांबत वाचत होती, त्यामुळे फार वेळ लागला. चहाला उकळी आली आणि तो उतू गेला, गॅस बाबांनी बंद केला.

वाचून झाल्यावर तिने अंक माझ्यासमोर ठेवला. आवाज नेहमीचा होता.

"तू तेव्हा जन्मलाही नव्हतास, मिलिंद," ती म्हणाली. "तुला कसं आठवतं?"

सुजाताने आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं आणि बाहेर गेली.

"माझा कागद कुठे आहे?"

मी पुस्तकातून पाकीट काढून दिलं. तिने ते उघडलं नाही. पिनांच्या डबीखाली ठेवलं, तोंड धुतलं, आणि जेवायला काय करू म्हणून विचारलं. मी बाद झालं असतं गं, असं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "बाद व्हायला तरी पोचवायचं होतंस." एवढंच. तिने या विषयावर नंतर कधी एक शब्द काढला नाही. काढला असता तर मी उत्तरं तयार ठेवली होती. ती उत्तरं चांगली होती. मी तीस वर्षं त्यांवर काम केलं आहे.

एक जूनला बाबांनी शोकेसमधला बाँडचा कागद काढला, सायकलला किल्ली लावली आणि आतेभावाकडे परत देऊन आले. दिलेला शब्द होता. येऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, शनिवारी लेख द्यायचा असेल तर शुक्रवारी लिहून ठेवत जा. मी लिहीत गेलो. सदर पंधरा महिने चाललं, लोक पत्रं लिहीत, एका थेटरच्या मॅनेजरने मला आत सोडू नका असं दारावर सांगून ठेवलं होतं, म्हणजे बऱ्यापैकी वाचलं जात होतं. मग तो पेपर बंद पडला आणि मी एका दुसऱ्या कंपनीत लागलो. तिथे बाँड नव्हता. पुढची सत्तावीस वर्षं मी सॉफ्टवेअर कसं वापरावं याची पुस्तकं लिहिली. ती पुस्तकं कुणी उघडत नाही. अडलं की फोन करतात. सिनेमावर लिहिणं मात्र सुटलं नाही. जिथे नाव झालं तिथे झालं, पुस्तकं दोन निघाली, शाली जमल्या.

पुढच्या वर्षी पुरस्कार आले तेव्हा बाबांनी कॅलेंडरचं पान काढलं, रकाने आखले. आईने तिचं पान घेतलं नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, मिलिंदलाच विचारा, त्याला सगळं माहीत असतं. तिचा आवाज साधा होता, म्हणूनच पुन्हा कुणी पान पुढे केलं नाही. तीन माणसांत तो खेळ दोन वर्षं ओढला आणि मग सुटला. आई आता विश्रांतवाडीला सुजाताकडे असते. मी गेलो की आम्ही सिनेमा बघतो. मधेच कुणी छोट्या भूमिकेतलं माणूस बरं काम करतं आणि मला कळतं की तिने ते पाहिलं आहे, कारण तिचा हात तांदूळ निवडायचा थांबतो. ती सांगत नाही. मी विचारत नाही.

मी जे केलं ते वाईट होतं, यात मला कधी शंका नव्हती. पण त्या वाईटाला मी एक जागा करून दिली होती. ती वाक्यं नसती तर मला सदर मिळालं नसतं, सदर नसतं तर पुढचं काहीच नसतं. म्हणजे मी जो काही लेखक आहे तो आईच्या पन्नास शब्दांवर उभा आहे, असं मी मनाशी म्हणत असे. सुरुवातीला लाजून म्हणायचो. मग पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत तसं सूचक लिहिलं. हळूहळू त्या चोरीचं रूपांतर वारशात झालं, आणि वारसा हा शब्द एकदा आला की माणसाला शांत झोप लागते.

गेल्या हिवाळ्यात बेहेरे भेटले. धायरीला एका सोसायटीत नवव्या मजल्यावर राहतात, ऐंशी पार केली आहे, कानाला यंत्र आहे आणि जीभ होती तशीच आहे. एका दिवाळी अंकासाठी त्यांच्या जुन्या पेपरवर लिहायचं होतं, म्हणून गेलो होतो. त्यांनी चहा दिला, बिस्किटं मोजून दोन दिली, आणि खिडकीतून दिसणाऱ्या इमारतींकडे हात करून म्हणाले, हे सगळं ज्वारीचं रान होतं, तेव्हाही बघण्यासारखं काही नव्हतं. निघताना मी धीर करून विषय काढला. म्हणालो की स्पर्धेत तुम्ही मला निवडलंत ते त्या पन्नास शब्दांसाठी, तार आणि हात पुसणारी बाई. ते शब्द माझे नव्हते, आईचे होते, हे कधीतरी तुम्हाला सांगायचं होतं.

बेहेऱ्यांनी यंत्र कानात नीट बसवलं आणि मला परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं.

"काय छापलं होतं ते आता आठवत नाही," ते म्हणाले. "चौकटीत खाली जागा उरली होती, ती भरायला काहीतरी घातलं असेल. आणि निवडलं म्हणाल तर, प्रवेशिका एकच आली होती."